रिपोर्ट नॉर्मल आला, पण अक्षर वाचलंस का?

अगं, शिबिरातला मॅमोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. तपासून घ्यायला गेलीस हेच आधी मोठं. डाळिंबावर तेल्याचा एक ठिपका दिसला तर आपण त्याच दिवशी औषधाच्या दुकानात उभ्या; स्वतःचं दुखणं मात्र माल निघेपर्यंत, मग यात्रेपर्यंत, मग पोरीच्या परीक्षेपर्यंत अंगावर काढायचं. तू तसं केलं नाहीस. पण काल तुझ्याकडे आले तेव्हा तो कागद मी नीट वाचला आणि पाव्हण्यांसमोर काही बोलले नाही. म्हणून हे लिहितेय. चहा ठेव आणि निवांत वाच.

कागदावर शेवटी ‘बायरॅड्स १’ असं लिहिलंय. पाव्हण्यांनी तेवढं वाचलं, एक म्हणजे काही नाही असं शिबिरातल्या पोरानं सांगितलं, विषय संपला. सांगितलं ते खोटं नाही. हा आकडा ० ते ६ असा असतो. १ म्हणजे चित्रात काही सापडलं नाही. २ म्हणजे जे आहे ते साधं. ३ म्हणजे बहुतेक साधंच, पण सहा महिन्यांनी परत बघू. ४ आणि ५ म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासा. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालाय. आणि शून्याला ‘शून्य धोका’ समजून खूश होणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्यासाठी सांगते: शून्य म्हणजे एवढ्या चित्रावरून काही सांगता येत नाही, आणखी तपासणी करा. तो आकडा आला तर घरी बसायचं नसतं.

पण तुझ्या कागदावर त्या आकड्याच्या चार ओळी वर एक अक्षर आहे, ‘सी’. त्याच्यापुढे इंग्रजीत लिहिलंय की स्तनाचा बराचसा भाग दाट आहे आणि त्यामुळे लहान गाठी झाकल्या जाऊ शकतात. म्हणजे बघ, ज्या डॉक्टरनं खाली तुला एक नंबर दिला, त्यानंच वर लिहून ठेवलंय की इथे मला पूर्ण दिसत नाही. हे वाक्य तुला कुणी वाचून दाखवलं नाही. माझं सगळं बोलणं त्या एका वाक्यावरच आहे.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात आणि उरलेली चरबी. मॅमोग्राफी म्हणजे दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून काढलेला एक्स-रे. त्यात चरबी काळपट उमटते, ग्रंथी आणि तंतू पांढरे उमटतात. आणि गाठ? तीही पांढरीच. तांदूळ निवडताना काळा खडा झटकन दिसतो, पण पांढरा खडा तीन बायकांच्या नजरेतून सुटतो आणि दाताखाली आल्यावरच कळतो, तसंच हे. जिच्या स्तनात चरबी जास्त, तिच्या चित्रात लहानशी गाठसुद्धा काळ्यावर पांढरी अशी उठून दिसते. जिच्यात ग्रंथी-तंतू जास्त, तिच्यात ती पांढऱ्यात पांढरी हरवते. यात मशीन जुनं असण्याचा किंवा डॉक्टर घाईत असण्याचा प्रश्नच नाही. उत्तम मशीन आणि उत्तम डॉक्टर असतानाही हे होतं.

अक्षरं चार असतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. बी म्हणजे अधूनमधून दाट. सी म्हणजे बराच भाग दाट. डी म्हणजे अतिशय दाट. सी किंवा डी आलं म्हणजे रोग झाला, असं अजिबात नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या बायकांत साधारण निम्म्या या दोन अक्षरांत मोडतात. कुणाचे केस दाट, कुणाचे विरळ, तितकीच ही साधी गोष्ट. आकाराशी तिचा संबंध नाही. हाताला घट्ट लागतात की मऊ, यावरूनही ते कळत नाही. ते फक्त चित्रातच दिसतं. वय लहान असेल, पाळी चालू असेल, अंगानं बाई सडपातळ असेल तर दाटपणा जास्त असण्याची शक्यता असते. पाळी गेल्यावर बहुतेकींचा तो कमी होत जातो. तू बेचाळीसची, पाळी चालू, आणि अंगानं तर आईसारखी काडी. तुझं सी येणं काही नवल नाही. आणखी एक गोष्ट लपवत नाही: दाट स्तनांत कॅन्सर लपतो तर खराच, शिवाय तो होण्याची शक्यताही थोडी जास्त असते. थोडी. घाबरून झोप उडवण्याइतकी नाही, पण कागद कपाटात टाकून विसरण्याइतकी कमीही नाही.

आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो. म्हणजे पाळी चालू असलेल्या, अंगावर पाजणं संपवून फार वर्षं न झालेल्या बायका. ज्या वयात चित्र सगळ्यात पांढरं येतं, नेमक्या त्याच वयात आपल्याकडे गाठ शोधायची वेळ येते. तरी शिबिराच्या फलकावर ‘मॅमोग्राफी करा, निश्चिंत व्हा’ असं लिहितात. निश्चिंत व्हायचा शब्द त्यांनी गाळला असता तर बरं झालं असतं.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात नॅन्सी कॅपेलो नावाची एक बाई होती, शिक्षण क्षेत्रात डॉक्टरेट केलेली. वर्षानुवर्षं न चुकता मॅमोग्राफी करायची, दरवेळी नॉर्मल. २००४ साली नॉर्मल रिपोर्ट येऊन काही आठवडेच झाले होते, तेव्हा डॉक्टरच्या हाताला तिच्या स्तनात काहीतरी लागलं. पुन्हा मॅमोग्राफी केली, पुन्हा काही नाही. मग सोनोग्राफी केली आणि अडीच सेंटिमीटरची गाठ समोर आली. तोवर कॅन्सर काखेतल्या १३ लसिकाग्रंथींमध्ये पसरला होता. तिनं विचारलं, हे आधी का दिसलं नाही? उत्तर मिळालं, तुमचे स्तन दाट आहेत ना. ही गोष्ट तिच्या डॉक्टरांना आधीपासून माहीत होती, तिच्या कागदांत लिहिलेलीही होती. फक्त तिला कुणी सांगितली नव्हती. मग बाई कंबर कसून उभी राहिली. २००९ मध्ये कनेटिकटनं कायदा केला की मॅमोग्राफीनंतर दाटपणाची माहिती बाईला द्यायलाच हवी. एकेक करत बाकीची राज्यं आली. २०१८ मध्ये नॅन्सी गेली, आणि १० सप्टेंबर २०२४ पासून तो नियम अख्ख्या अमेरिकेला लागू झाला. तिकडे आता प्रत्येकीला साध्या भाषेत पत्र मिळतं: तुमचे स्तन दाट आहेत किंवा नाहीत. आपल्याकडे असा कायदा नाही. आपलं पत्र आपणच वाचायचं, नाहीतर पोरांकडून वाचून घ्यायचं. तुझी दहावीतली पोरगी इंग्रजी धडाधड वाचते. तिच्यापासून काय लाजायचं? उद्या तिलाही हे लागणारच आहे.

आता पुढचा प्रश्न: सी आलं, मग काय? डॉक्टरला विचारायचं की सोनोग्राफी करायची का. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरण नसतात, आणि तिच्यात ग्रंथी पांढऱ्या तर गाठ बहुधा काळपट दिसते, म्हणून लपलेली सापडू शकते. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोटुशी बाईच येते. दवाखान्याच्या भिंतीवरचा गर्भलिंगनिदानाचा फलकही तोच. तू नुसतं ‘सोनोग्राफीला जातेय’ म्हणालीस तर तुझ्या सासूबाई बोटं मोजायला लागतील. म्हणून आधीच सांग, छातीची सोनोग्राफी आहे.

जपानमध्ये यावर मोठा अभ्यास झालाय. चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ७३,००० बायका घेतल्या. निम्म्यांना नुसती मॅमोग्राफी, निम्म्यांना मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. २०१५ मध्ये निकाल छापला तेव्हा दिसलं, नुसत्या मॅमोग्राफीनं शंभरातले ७७ कॅन्सर पकडले, दोन्ही मिळून ९१. जपानी बायकाही आपल्यासारख्याच, अंगानं बारीक, दाट स्तनांच्या, म्हणून मला हा अभ्यास जवळचा वाटतो. पण फुकट काही मिळत नाही. दोन्ही तपासण्या झालेल्यांत उगाचची धास्तीही जास्त निघाली. काहीतरी दिसलं, सुई घातली, आणि ते साधंच निघालं. ती दोन-चार दिवसांची घालमेल सोसायची तयारी ठेव. नेदरलँड्समध्ये डी अक्षराच्या बायकांना एमआरआय करून पाहिला, तिथे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कॅन्सर निम्म्यावर आले. एमआरआय महाग, सगळ्यांना परवडायचा नाही, सगळ्यांना लागतही नाही. आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र तो विषय डॉक्टरकडे काढायचा.

हे वाचून ‘मग मॅमोग्राफी कशाला करायची’ असं म्हणू नकोस हं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एक चूक दिसली की अख्खा माणूस खोटा. चुन्याचे अगदी बारीक कण, म्हणजे कॅल्शियमचे ठिपके, ही काही कॅन्सरची पहिली खूण असते. ते हाताला लागत नाहीत, सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, मॅमोग्राफीतच दिसतात. दोघींची कामं वेगळी आहेत. हां, उष्णतेचं रंगीत चित्र काढून ‘न दाबता, न दुखता’ तपासणी करून देतो म्हणणारे शिबिरवाले आले तर त्यावर मात्र विसंबू नकोस. ती मॅमोग्राफीची जागा घेत नाही.

आणि तिसरी गोष्ट हाताची. हिच्याकडे सगळे नाक मुरडतात, कारण तिच्यात ना मशीन, ना फोटो. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या चमूनं १९९८ पासून वीस वर्षं एक प्रयोग चालवला. झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर बायका, वय ३५ ते ६४. निम्म्यांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकेनं हातानं तपासायचं. मॅमोग्राफी नाही, काही नाही. २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्या बायकांत गाठी आधीच्या टप्प्यावर सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा सिद्ध झाला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. तरी मला वाटतं, आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे मॅमोग्राफी म्हटलं की बायका पंढरपूर, सोलापूर नाहीतर मिरजेची गाडी धरतात, तिथे शिकलेल्या हाताला कमी लेखणं आपल्याला परवडणारं नाही. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी हातानंच होते. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा ‘मला काही नाही’ म्हणून त्यांना दारातून परत लावू नकोस. उपकेंद्रात जा, तपासून घे.

हातानं म्हणजे कसं, तेही सांगते, कारण बऱ्याच जणी चिमटीत धरून बघतात आणि मग सगळीकडेच गाठी लागतात. मधली तीन बोटं जुळवायची, बोटांची टोकं नाही तर पेरांची सपाट बाजू टेकवायची, आणि छोटी-छोटी वर्तुळं काढत जायचं. आधी हलका दाब, मग थोडा जास्त, मग फासळीपर्यंत. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि आडवं छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. काख विसरायची नाही. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी बघावं, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. मात्र नुसतं स्वतः चाचपत बसण्यावर भिस्त ठेवू नकोस. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांवर कामगार बायकांना हे पद्धतशीर शिकवून पाहिलं; २००२ मध्ये छापलेल्या निकालात त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्याही गावात सूतगिरणी आहे, म्हणून तो अभ्यास माझ्या लक्षात राहिला. आपलं नेहमीचं काय आणि नवीन काय, एवढी ओळख असावी, म्हणून बघायचं. नवीन काही लागलं की पुढचं काम डॉक्टरचं.

आता काल स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू जे हळूच बोललीस, त्यावर येते. ‘डाव्या काखेकडे जरा टणक लागतंय, पण रिपोर्ट नॉर्मल आहे ना, आणि दुखत तर नाही.’ तुझ्या या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. दुखत नाही ही दिलाशाची गोष्ट नाही; स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखली असती तर बायका वेळेवर गेल्या तरी असत्या. आणि हाताला गाठ लागत असेल तर नॉर्मल मॅमोग्राफीनं विषय मिटत नाही, दाट स्तनांत तर मुळीच नाही. अशा वेळी तीन गोष्टी मिळून निकाल लावतात: डॉक्टरचा हात, चित्र, आणि सुईनं काढलेला तुकडा. तिन्हींचं एकमत झालं तर सुटलीस. एकाचं जरी वेगळं आलं तरी पुढे जायचं. गाठीखेरीज बोंड आत ओढलं गेलं, एकाच बाजूनं रक्ताळलेलं पाणी आलं, कातडी आत खेचली गेली किंवा तिच्यावर बारीक खड्डे दिसले, तरीही हेच. शिबिराला गेलीस तेव्हा फॉर्मवर ‘गाठ जाणवते का’ या रकान्यात तू ‘नाही’ लिहून आलीस. का? मागे बायकांची रांग होती म्हणून, हे मला न सांगताच कळलं. गाठ असलेल्या बाईची तपासणी आणि काहीच तक्रार नसलेल्या बाईची तपासणी वेगळी असते. त्या एका ‘नाही’मुळे तुला सोनोग्राफीला कुणी पाठवलं नाही.

घाबरवत नाहीये. तुझ्या वयात काखेकडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ‘बहुतेक’ या शब्दावर मी तुला सोडणार नाही.

सासूबाई म्हणतील, हत्यार लागलं की पसरतो. आपल्याकडे ही समजूत घरोघरी आहे आणि तिनं कितीतरी जणींचा घात केलाय. सुईनं तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरून बाई दगावते हे खरं नाही. उलट तुकडा न तपासता कुणी थेट ‘काढून टाकू’ म्हणालं तर तिथेच थांबायचं. काय आहे हे आधी कळलं तर ऑपरेशन किती करायचं, आधी औषध द्यायचं का, स्तन वाचवता येईल का, हे ठरवता येतं. लहान गाठ असेल तर पुष्कळ जणींचा स्तन वाचतो, ही गोष्ट आपल्या गावात कुणी बोलतच नाही.

उपचारासाठी मुंबईच गाठावी लागते असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये देशातली खेड्यांतल्या कॅन्सरची पहिली नोंदवही तिथेच सुरू झाली. तोवर देशातल्या कॅन्सरच्या नोंदी शहरांतल्या होत्या. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी बार्शी, परांडा, भूम भागांतल्या गावोगावी जाऊन घराघरांत विचारलं, कारण खेड्यातली माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. सोलापूर जिल्ह्यातली बाई उशिरा का येते, हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक आहे. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटायचं.

तर आता असं कर. रविवारी जनावरांच्या बाजारामुळे गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि डॉक्टरही भेटायचे नाहीत. सोमवारी सकाळी निघू. जुन्या फिल्मा, सीडी आणि रिपोर्ट सगळं पिशवीत घाल. नवा डॉक्टर जुन्याशी ताडून बघतो. काखेत पावडर किंवा डिओडोरंट लावू नकोस, पुन्हा मॅमोग्राफी करायची ठरली तर त्यांचे कण चित्रात चुन्याच्या कणांसारखे दिसतात. साडी नेस नाहीतर दोन तुकड्यांचा ड्रेस घाल, म्हणजे वरचंच काढावं लागेल. डॉक्टरसमोर बसलीस की पहिलं वाक्य हे: ‘मला इथे गाठ लागते.’ बोट ठेवून दाखव. दुसरं: ‘माझं अक्षर सी आहे, सोनोग्राफी करायची का?’ ते म्हणाले गरज नाही, तर कारण विचार आणि लिहून माग. ते जमलं नाही तर मी शेजारी आहेच, मी विचारीन.

तुझ्या जावेलाही तिचा कागद काढायला सांग. ती मागच्या वर्षी त्याच शिबिरात गेली होती. आणि पाव्हण्यांना काय सांगायचं याचा विचार करत बसू नकोस. मी आज रात्री त्यांना फोन करते. सोमवारी साडेआठला तयार राहा.